मासळीच्या कंपनीत पोरीला पाठवावं का? (रत्नागिरी)

अनघा_गोळप | ७ डिसेंबर २०२५
नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीची मुलगी, वय १९. बारावी सायन्स, ६१ टक्के. सीईटीच्या वेळी काविळीने अंथरुणात होती, ती राहिलीच. सध्या मारुती मंदिरजवळ एका कपड्यांच्या दुकानात आठ हजारांवर आहे. आमच्या वाडीतल्या सहा-सात बायका एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत जातात. सकाळी पावणेसातला तिठ्यावर गाडी येते. त्या म्हणतात, तूही चल. कोळंबी सोलायची ती किलोवर, पॅकिंगला घेतलं तर रोजाने. सीझनला बारा-तेरा हजार हातात पडतात म्हणे.

मुलगी तयार आहे. तिचे वडील पंधरा वर्षं ट्रॉलरवर होते, आता रिक्षा चालवतात. ते म्हणतात, "मी जन्मभर वास काढला, तो काय पोरीने पण काढावा म्हणून?" बहीण मधल्यामध्ये. आणि मी पुण्यात राहते म्हणजे मला सगळं कळतं, असं धरून दोघंही मला फोन करतात.

मला विचारायचंय ते एवढंच, की ह्या कामाला पुढे काही आहे का? अमेरिकेने ५० टक्के कर लावल्यापासून कोळंबीचे कारखाने बंद पडणार, असं रोज मोबाइलवर येतंय. आज लागली आणि सहा महिन्यांत घरी बसली, तर दुकानही गेलं आणि कंपनीही.

खवय्या_नं_१
पहिला फायदा: घरी रोज ताजी कोळंबी. (पळतो)

मिरकरवाडा
खवय्या, गेटवर पिशवी उलटी करून बघतात. एक कोळंबी सापडली तर दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.

क्यूसीवाला
अनघाताई, मी तळोज्यात ११ वर्षं क्वालिटी कंट्रोलला (क्यूसी, म्हणजे मालाच्या तपासणीवर) आहे, त्याआधी तीन वर्षं रत्नागिरीत काढलीत. आधी अमेरिकेचं भूत उतरवू.

कर ऑगस्टमध्ये आधी २५ आणि २७ तारखेपासून ५० टक्के झाला, हे खरं. मार बसला तो मुख्यतः आंध्रला. अमेरिकेला जाते ती तळ्यात वाढवलेली वेनामी जातीची कोळंबी, आणि त्यातली बहुतेक तळी नेल्लोर, भीमावरम भागात. २०२४-२५ मध्ये देशातून १६.९८ लाख टन समुद्री माल बाहेर गेला, ६२,४०८ कोटींचा. त्यातले दोन तृतीयांश पैसे एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. म्हणून बातमी येते ती 'सीफूड बुडालं' अशी येते.

आपल्या बोटी आणतात ती समुद्रातली कोळंबी. ती अमेरिका २०१९ पासून घेतच नाही. ट्रॉलच्या जाळ्यात कासवं अडकतात, त्यांना निसटायला जाळ्यात झडप हवी आणि ती आपल्याकडच्या बोटींवर नसते, म्हणून. जे गिऱ्हाईक सहा वर्षांपूर्वीच उठून गेलं, ते आता कर लावून आणखी कुठे जाणार?

रत्नागिरीचा माल म्हणजे माकूल, बळा (वागटी), राणी मासा, बांगडा. तो जातो चीन, जपान, युरोप, थायलंड, व्हिएतनामला. युरोपने तर सप्टेंबरमध्ये भारतातल्या आणखी १०२ कारखान्यांना परवानगी दिली. धोका आहे तो आडवाटेने येणारा. आंध्रवाले अमेरिकेत न खपलेला माल चीन-युरोपात ओतणार आणि तिथले भाव पडणार. त्याने कंपनी बंद पडत नाही, पण ओव्हरटाइम बंद होतो आणि दिवाळीला पाकीट पातळ येतं.

डेक्कनचा_पक्षी
म्हणजे कासवामुळे आपण वाचलो. ससा-कासवाच्या गोष्टीत हा भाग कुणी सांगितला नव्हता.

निवृत्त_फोरमन
मी अमोनिया प्लांटवर होतो, म्हणजे कंपनीतल्या गोठवायच्या यंत्रांवर. १९८८ ते २०१५. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून पेन्शनची कागदपत्रं अडकलीत.

आमच्या वेळी सोलायला सगळ्या केरळच्या मुली. कोल्लम, अलप्पुळाकडच्या. ठेकेदार घेऊन यायचा, घरी आगाऊ पैसे दिलेले असायचे, आणि राहायचं कंपनीच्याच माडीवर. रात्री दोनला माल आला की दोनला उठायचं. एकीच्या हाताचा वेग असा, की बघणाऱ्याला वाटावं कोळंबी स्वतःच कवच सोडून बाहेर पडतेय. तक्रार कधी ऐकली नाही. ऐकणार कशी? त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला मल्याळम. एक मुलगी तापाने फणफणली होती, ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही ती टेबलावरच कोसळली म्हणून.

१९९७ ला युरोपने भारताचा माल बंद केला, तेव्हा कुठे भिंतींना टाइल्स लागल्या, दारात क्लोरीनच्या पाण्याची कुंडं आली, गमबूट आले. माशाची तब्येत सांभाळायला लागले आणि त्याच्या आडोशाने बायकांचीही थोडी सांभाळली गेली.

नंतर केरळच्या मुली यायच्या थांबल्या. त्यांच्या घरी नर्सिंग आलं, आखात आलं. मग ओडिशा, झारखंड, आसाम.

बर्फवाला
माझी बर्फाची फॅक्टरी आहे, चार कंपन्यांशी रोजचा संबंध. कुणाला राग येईल, पण बोलतो. काम नाही म्हणून लोक रडतात आणि काम असतं तिथे लोक मिळत नाहीत. स्थानिक बायका आठवड्यातले चार दिवस येतात. गणपतीत पंधरा दिवस नाहीत, शिमग्यात नाहीत, लग्नसराईत नाहीत. इकडे चाळीस टन राणी मासा दारात उभा. मासा थांबतो का? मालक आसामच्या पोरी आणणार नाही तर काय करणार? मग आम्हीच बोंबलायचं, परप्रांतीय आले म्हणून.

समीना_राजिवडा
बर्फवाला, नऊ वर्षं मी ते काम केलंय. आता माझं ऐका.

स्थानिक बाई येत नाही असं नाही. ती संध्याकाळी घरी जाते, हे तुमचं खरं दुखणं. माडीवर राहणारी मुलगी रात्री अकराला हाक मारली की खाली उतरते. मला सहाला घरी जाऊन पोराला बघायचं असतं, सासूचं पथ्य करायचं असतं. मी काय करू, पोराला माडीवर आणू?

आणि किलोचा हिशोब सांगते. सकाळी साडेसातला गेटमध्ये. माल येतो साडेनऊला. ते दोन तास फुकट. माल बारीक आला तर किलो भरायला दुप्पट वेळ, दर मात्र दोन-तीन रुपयेच जास्त. माल जाडा आला की तो जुन्या बायकांच्या टेबलाला जातो, नवीन मुलीला करंदी. वजनाचा काटा सुपरवायझरच्या हातात. पाणी निथळून वजन करायचं म्हणतात. किती निथळायचं, ते तो ठरवणार.

हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात. रबरी हातमोजा असतो, पण जाड मोज्यात बोटाला कोळंबी कळत नाही, म्हणून बायका काढून ठेवतात. पावसाळ्यात पायाला चिखल्या होतात ना, तशा आमच्या हाताला बारा महिने. कोळंबीच्या डोक्याचा काटा लागला की बोट ठणकतं, दुसऱ्या दिवशी तेच बोट परत पाण्यात.

तरी सांगते, त्या पैशांवर माझं घर स्लॅबचं झालं. कुणापुढे हात पसरला नाही. वाईट काम आहे असं मी म्हणणार नाही. फक्त आम्ही आळशी आहोत असं कुणी म्हणू नये.

मिरकरवाडा
समीनाभाभी +१००

बर्फवाला
ताई, आळशी असं म्हटलं नव्हतं. पण मुद्दा पटला. मी टेबलाच्या त्या बाजूला कधी बसलो नाही.

काकूबाई_चिपळूण
बांगड्यांचं काय? माझ्या चुलतजावेने पहिल्याच दिवशी सोडलं. आत जाताना बांगड्या, कानातलं, गजरा सगळं काढायला लावलं. मंगळसूत्रही काढा म्हणाले. सासूने घर डोक्यावर घेतलं.

समीना_राजिवडा
काकू, आमच्याकडे हिंदू बायका मंगळसूत्र रुमालात बांधून बाहेर लॉकरमध्ये ठेवायच्या. काही जणी नुसता काळा दोरा आत ब्लाऊजला पिन करायच्या. पॅकेटमध्ये काळा मणी सापडला तर अख्खा कंटेनर परत येतो, एवढं सांगितलं की सासवा गप्प बसतात. नेलपॉलिशही नाही. मेंदीच्या हाताने तर आठ दिवस सोलायला बसूच देत नव्हते.

डेक्कनचा_पक्षी
वासाचं कुणी बोललंच नाही. माझा रूममेट फिशरीजचा होता. बिल्डिंगमधली मांजरं आमच्या दाराशी मुक्कामाला असायची. भाडं मात्र आम्ही दोघंच भरायचो.

खवय्या_नं_१
स्टीलचा चमचा वाहत्या पाण्याखाली हातावर घासायचा. माझी आई आगळ चोळायची, पण मग हाताला सोलकढीचा वास येतो आणि भूक लागते.

क्यूसीवाला
कोकम, लिंबू, काहीही आंबट चालतं. माशाचा वास अमाइनचा, तो अल्कलीकडे झुकतो, आंबटाने मरतो. पण बोटं फाटलेली असताना लिंबू लावून बघा, म्हणजे वास विसराल.

समीनाताईंनी लिहिलं त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मला 'पुढे काय' ह्यावर थोडं लांबून सांगायचंय. सोलायच्या कामाचं भवितव्य अमेरिकेपेक्षा जाळ्यात काय येतं ह्यावर जास्त आहे. कोळंबीला हात लागतात. डोकं, कवच, पाठीतला धागा, मग काउंट लावायचा. सोळा-वीस म्हणजे पौंडाला १६ ते २० नग, एकवीस-पंचवीस म्हणजे २१ ते २५. मुरलेली बाई वजन न करता नुसत्या नजरेने टोपल्या वेगळ्या करते. माकुलाला सुरी लागते. शाई न फोडता पिशवी काढायची, सोपं नाही. पण बळ्याला काय लागतं? धुतला, ट्रेमध्ये आडवा लावला, फ्रीझरमध्ये ढकलला. राणी माशाची सुरिमी होते, ती तर जवळजवळ पूर्ण यंत्रावर. गर काढायचा, धुवायचा, पिळायचा, ब्लॉक भरायचे. त्याच्याच पुढे क्रॅबस्टिक होतात, ज्यात खेकडा औषधालाही नसतो. तेव्हा माल वाढला तरी हात वाढतीलच असं नाही. टन वाढतात आणि टेबलं रिकामी होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून मुलीला लावायचंच असेल तर पीलिंगला, म्हणजे सोलायला नको. पॅकिंग, लेबल, कोल्ड स्टोअरेजची नोंद, लॅबमध्ये हेल्पर, असं काही मिळतंय का बघा. बारावी सायन्स आहे, तापमानाचं रजिस्टर नीट भरणारी मुलगी प्रत्येक कंपनीला हवी असते. युरोपचा ऑडिटर येतो तेव्हा तो आधी रजिस्टर उघडतो, मासा नंतर.

देवगडचो_झील
कित्या नावां ठेवतास त्या कामाक? आमच्या देवगडात तर ह्या पण नाय. मासो हयसून बर्फात घालून टेम्पोन रत्नागिरेक नायतर गोव्याक जाता, आणि पोरां मुंबयक. दोनय गेले, रवलो मी आणि आंब्याची कलमां.

वकीलबाई
दोन-चार गोष्टी कामाच्या, कारण मुली त्या विचारत नाहीत आणि ठेकेदार सांगत नाही.

२१ नोव्हेंबरपासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. नियम अजून पूर्ण बसायचेत, पण पत्र मागायला आजपासून हरकत नाही. रात्रपाळीला बाईची संमती लागते, ती लेखी द्यायच्या आधी गाडी घरापर्यंत सोडते की तिठ्यावर, हे विचारा. किलोवर काम करणाऱ्यालाही पीएफ आणि २१ हजारांच्या आत पगार असेल तर ईएसआय (कामगार विमा) लागू होतं. 'तू रोजावर नाहीस म्हणून नाही' हे खोटं. जादा तासांना दुप्पट दर.

आणि एक फसवणूक नेहमीची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, माल नाही, म्हणून जूनमध्ये नावं कापतात आणि ऑगस्टमध्ये नवीन म्हणून परत घेतात. पाच वर्षं झाली तरी कागदावर बाई कायम नवीन. बंदीच्या दिवसांत कारखाना बंद असणं म्हणजे नोकरीत खंड नाही. हंगामी कारखान्यात जितके दिवस काम चाललं त्याच्या ७५ टक्के दिवस भरले, की ग्रॅच्युइटीसाठी ते वर्ष धरतात. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, व्हॉट्सअॅपवर फोटो काढून का होईना.

समीना_राजिवडा
मॅडम, हे नऊ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

वकीलबाई
समीनाताई, काम सोडून किती दिवस झाले? चिठ्ठ्या असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे नको.

लॉबस्टर_मोंक्टन
कॅनडातून राम राम. इथे न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर लॉबस्टरचे कारखाने आहेत, वसंतात आणि शरदात धावपळ, मधे शुकशुकाट. माणसं मेक्सिको, फिलिपाइन्सहून आणतात. पंजाबी, गुजराती विद्यार्थीही भेटतात. वाचून गंमत वाटली, तक्रारी त्याच आहेत. इथला परवानाही बहुतेकदा त्या एका मालकापुरता. मालक सोडला तर देश सोड.

हे लिहायचं कारण असं, की 'कॅनडात फिश फॅक्टरी, महिना तीन लाख' अशा जाहिराती कोकणातल्या ग्रुपवर फिरतायत. माझ्या आतेभावाला एकाने दहा लाख मागितले. परदेशी पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला हवा आणि त्याला ३० हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दहा लाख म्हणाला की फोन ठेवायचा.

खवय्या_नं_१
लॉबस्टरच्या डोक्यांचं सार करतात का तिकडे?

लॉबस्टर_मोंक्टन
फेकतात. बघवत नाही.

काकूबाई_चिपळूण
विषय निघालाच आहे तर, आमच्या बचत गटाने सोडे करून विकायला घेतलेत. कोळंबी घरीच सोलतो, उकडतो, गच्चीवर जाळीखाली वाळवतो. नाव आमचं, काटा आमचा. पावसात विकले की दुप्पट भाव. पण भांडवल अडकतं आणि दोन दिवस मळभ आलं तर सगळ्याचं खत. नोकरीला पर्याय नाही, जोडीला आहे.

मिरकरवाडा
काकू, पत्ता टाका.

शिरगाव_०९
मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचा. शिरगावला, १९८१ पासून आहे, दापोलीच्या विद्यापीठाखाली. अनघाताई, तुमची भाची बारावी सायन्स आहे हे वाचून मी तिथेच थांबलो. घरापासून एवढ्याशा अंतरावर चार वर्षांची बी.एफ.एससी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) आहे आणि आपण ती सोलायला बसवावी की पॅकिंगला, ह्यावर चर्चा करतोय! प्रवेश एमएचटी-सीईटीवर. तिथे नाही लागलं तर नागपूर आणि उदगीरलाही कॉलेज आहे.

खोटी आशा दाखवत नाही. आमच्या बॅचचे निम्मे आंध्र-गुजरातला गेले, दोघं बँकेत आहेत, एक स्पर्धा परीक्षेत अजून लढतोय. पण कारखान्यात मालाच्या तपासणीवर पात्र तंत्रज्ञ लागतो, त्याच्या सहीशिवाय माल हलत नाही. ती सही करणारी रत्नागिरीची मुलगी का नसावी? आमच्या वर्गात मच्छीमारांच्या मुली तीन होत्या. एकीने मासा न बघता नुसत्या कल्ल्याच्या वासावरून तो किती तासांचा हे सांगून सरांना गप्प केलं होतं.

बर्फवाला
आमच्याकडे क्यूसीला येतात ते बहुतेक बाहेरचेच. वरपासून खालपर्यंत बाहेरचे आणि मधे गाडी चालवायला आपण.

क्यूसीवाला
शिरगाव_०९ शी सहमत. मी मायक्रोबायोलॉजीतून आलो, पण माझ्याबरोबरचे बी.एफ.एससी.वाले पुढे सरकले, मी इथेच आहे.

अनघा_गोळप | ११ जानेवारी २०२६
सगळ्यांची माफी मागते, महिनाभर आलेच नाही. बहिणीकडे जाऊन आले. सगळ्यांचे प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवले. भाऊजी रिक्षा पुसत ऐकत होते. समीनाताईंचं संपलं तेव्हा फडकं हातात तसंच होतं. नंतर म्हणाले, ट्रॉलरवरही वजनाचा काटा तांडेलाच्याच हातात असायचा.

झालं असं, की मुलगी एक दिवस कंपनी बघायला गेली. एकटीला नको म्हणून बहीणही गेली. सुपरवायझरने दोघींना टेबलावर बसवून बघितलं. माझी बहीण खारव्याच्या घरात वाढलेली, चाळीस वर्षं कोळंबी सोलतेय. तिचा हात बघून तो म्हणाला, तुम्ही उद्यापासून या. मुलीला म्हणाला, तू विचार करून सांग!

तर बहीण लागली. मुलगी दुकानातच आहे, सीईटीची पुस्तकं आणलीत, शिरगावचं कॉलेज बाहेरून बघून आली. बहिणीने नेमणूकपत्र मागितलं, 'बघू' म्हणालेत.

वकीलबाई
'बघू'ची तारीख लिहून ठेवा.

काकूबाई_चिपळूण
बांगड्या?

अनघा_गोळप
काढल्या. डब्यात घालून फ्रिजवर ठेवते आणि संध्याकाळी आल्यावर भरते. पहिले चार दिवस भाऊजी त्या डब्याकडे बघत नव्हते. आता सकाळी तेच पुढे करतात, पावणेसातची गाडी चुकू नये म्हणून.

समीना_राजिवडा
तिला सांगा, हातमोजा डाव्या हातात तरी ठेव. आणि जून-जुलैचं काय देणार, ते आत्ताच विचारायला लाव. मे महिन्यात विचारलं तर कुणी ओळख दाखवत नाही.

खवय्या_नं_१
आणि ती गेटवरची पिशवी...

मिरकरवाडा
नाही रे बाबा.